ढगाळ दिवसांत तळ्यातील कार्बन डायऑक्साइड : मत्स्यपालकांसाठी हंगामी सल्ला

पावसाळी, ढगाळ दिवस सलग लागले की तळ्यातील विरघळलेल्या प्राणवायूकडे सगळ्यांचे लक्ष जाते आणि ते योग्यच आहे. मात्र याच दिवसांत पाण्यात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी फार कमी तळ्यांवर होते. मीटर प्राणवायू समाधानकारक दाखवत असताना मासे खाद्याला येत नसतील, सुस्त झाले असतील आणि चाहूल लागूनही हलत नसतील, तर रोगाचे औषध शोधण्यापूर्वी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड तपासावा, असा आमचा आग्रह आहे.

तळ्यातील मासे, शेवाळ, जिवाणू आणि तळाचा गाळ हे सर्व रात्रंदिवस श्वसन करतात आणि त्यात वापरल्या गेलेल्या प्रत्येक किलो प्राणवायूमागे साधारण 1 ते 1.4 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशी शेवाळ तो प्रकाशसंश्लेषणासाठी उचलते, त्यामुळे दुपारी तो जवळजवळ शून्यावर येतो आणि पहाटे सर्वाधिक असतो. आभाळ दाटलेले असेल तर ही उचल मंदावते, रात्रीची शिल्लक दिवसा संपत नाही आणि दुसऱ्या रात्री तिच्यात भर पडते. त्यातच हिरवे पाणी एकाएकी तपकिरी झाले, म्हणजे शेवाळ एकदम मेले, तर उचलणारा घटक नाहीसा होऊन कुजणारा घटक वाढतो. पहिल्या जोराच्या पावसात वाहून आलेला पालापाचोळा आणि शेण, तसेच वादळी वाऱ्याने वर आलेले तळाचे पाणी यांचाही परिणाम असाच होतो.

माशाच्या शरीरात काय घडते, हे समजले की पुढील उपाय का सुचवले आहेत, तेही कळेल. हवेच्या तुलनेत पाण्यात प्राणवायू फार कमी मावतो; 25 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात तो प्रति लिटर जेमतेम 8 मिलिग्रॅम असतो. तेवढ्यावर भागवण्यासाठी माशाला कल्ल्यांवरून भरपूर पाणी खेळवावे लागते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात प्राणवायूपेक्षा पंचवीस-तीस पट अधिक विरघळत असल्याने तो या प्रवाहाबरोबर सहज बाहेर पडतो. म्हणूनच सस्तन प्राण्यांच्या रक्तात या वायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे 40 मिलिमीटर असतो, तर माशांच्या रक्तात तो बहुधा 2 ते 4 मिलिमीटरच असतो. आता पाण्यातच प्रति लिटर 20 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड साचला, तर त्याचा दाब सुमारे 10 मिलिमीटर होतो. वायू बाहेर पडण्यासाठी रक्तातील दाब पाण्यातील दाबापेक्षा जास्त असावा लागतो; त्यामुळे माशाच्या रक्तातील दाबालाही दहाच्या वर चढावे लागते. आपल्याला क्षुल्लक वाटणारी ही वाढ माशासाठी नेहमीच्या तिप्पट-चौपट असते.

रक्तात शिरलेल्या या वायूचे कार्बोनिक आम्ल बनते आणि रक्ताचा सामू (पीएच; आम्ल वाढले की हा आकडा उतरतो) घसरतो. सामू घसरला की हिमोग्लोबिनची प्राणवायू धरून ठेवण्याची ओढ कमी होते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1904 मध्ये हा परिणाम दाखवून दिला. अनेक माशांत याहून पुढची अडचण येते. त्यांच्या हिमोग्लोबिनची प्राणवायू सामावण्याची एकूण क्षमताच घटते, त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही रक्त पूर्ण भरत नाही. मीटरचा आकडा चांगला आणि मासा मात्र गळाठलेला, या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच असते.

मासा यावर हातपाय गाळून बसत नाही. तो प्रथम श्वासाची गती वाढवतो. मग कल्ल्यांतील विशेष पेशी आम्ल बाहेर टाकतात आणि क्लोराइडच्या बदल्यात रक्तात बायकार्बोनेट साठवतात, ज्यामुळे दाब चढलेला असूनही सामू हळूहळू पूर्वपदावर येतो. या भरपाईला सहसा एक ते तीन दिवस लागतात. पाण्यात सोडियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट पुरेसे असतील तर ती लवकर होते, अगदी मृदू पाण्यात रेंगाळते. हळूहळू वाढणारा कार्बन डायऑक्साइड मासे बऱ्याच अंशी पेलतात, पण एका रात्रीत झालेली उडी त्यांना पेलवत नाही, याचे कारण हेच. भरपाईलाही मर्यादा आहे, आणि ती सांभाळताना खर्च होणारी ऊर्जा वाढीतून वजा होते. पातळी दीर्घकाळ जास्त राहिल्यास ट्राउट आणि सामन माशांच्या मूत्रपिंडात कॅल्शियमचे साठे तयार होतात, हे संवर्धनगृहांत वारंवार दिसून आले आहे.

सर्व जातींची सहनशक्ती सारखी नसते. ट्राउट आणि सामन यांच्यासाठी प्रति लिटर 10 ते 15 मिलिग्रॅमच्या आत राहणे इष्ट; उष्ण पाण्यातील कार्प, तिलापिया आणि पंगस यापेक्षा बरेच जास्त सोसतात. तरीही 20 मिलिग्रॅमच्या पुढे गेलेली सकाळची नोंद ही कृती करण्याची खूण मानावी, विशेषतः प्राणवायू 4 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर. मागूर किंवा मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेतात म्हणून त्यांना पाण्याच्या गुणवत्तेची चिंता नाही, असे मानणारे बरेच आहेत. हे मासे प्राणवायू हवेतून घेत असले, तरी कार्बन डायऑक्साइड मुख्यतः कल्ल्यांतून आणि त्वचेतून पाण्यातच सोडतात.

मोजणीसाठी महागडे उपकरण लागत नाही. पहाटे, सूर्य वर येण्यापूर्वी, पाण्याचा सामू तळ्यावरच मोजावा. बाटली हलवत दूरवर नेल्यास वायू उडून जातो आणि आकडा फसवा येतो. पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल सामावून घेण्याची ताकद, तपासणी संचाने महिन्यातून एक-दोनदा पाहिली तरी पुरे. अल्कलिनिटी 100 मिलिग्रॅम प्रति लिटर आणि तापमान 25 अंशांच्या आसपास असेल, तर सामू 8 असताना कार्बन डायऑक्साइड सुमारे 2 मिलिग्रॅम, 7.5 ला सुमारे 6, 7 ला सुमारे 20 आणि 6.5 ला 60 च्या वर असतो. अल्कलिनिटी निम्मी असेल तर हे आकडेही निम्मे धरावेत. संच नसेल तर आणखी एक साधी खात्री करता येते. बादलीभर तळ्याच्या पाण्याचा सामू मोजावा, काचेच्या टाकीला वापरतात त्या लहान पंपाने तासभर त्यात हवा सोडावी आणि पुन्हा मोजावा. सामू अर्ध्या अंकाने किंवा अधिक वाढला, तर पाण्यात जादा कार्बन डायऑक्साइड होता, असे निःशंक समजावे.

पातळी चढलेली आढळल्यास पहिली कृती म्हणजे खाद्य थांबवणे किंवा निम्म्यावर आणणे, कारण पचनाने माशाचे श्वसन वाढते आणि उरलेले खाद्य तळाशी कुजते. दुसरी कृती म्हणजे पाणी उसळवणारे पॅडलव्हील एरेटर रात्री उशिरापासून सूर्य वर येईपर्यंत चालू ठेवणे. येथे एक फरक लक्षात घ्यावा. सिलिंडरमधील शुद्ध प्राणवायू बारीक बुडबुड्यांनी सोडला तर पाण्यातील प्राणवायू वाढतो, पण कार्बन डायऑक्साइड जवळजवळ तेवढाच राहतो, कारण तो बाहेर काढण्यासाठी पाण्याचा भरपूर हवेशी संपर्क यावा लागतो. पाणी फिरवून वापरणाऱ्या बंदिस्त प्रकल्पांत यासाठी उंच मनोऱ्यांतून पाणी खाली पाडतात आणि पाण्याच्या आकारमानाच्या पाच ते दहा पट हवा त्यातून खेळवतात. असा प्रकल्प बंद शेडमध्ये असेल आणि शेडमधील हवा बाहेर जात नसेल, तर मनोऱ्याचाही फारसा उपयोग होत नाही.

चुन्याचा विचार यानंतर करावा. विरवलेला चुना कार्बन डायऑक्साइड तत्काळ बांधतो. 1 मिलिग्रॅम वायूसाठी सुमारे 0.84 मिलिग्रॅम चुना लागतो. 1000 चौरस मीटर क्षेत्राच्या आणि सरासरी दीड मीटर खोलीच्या तळ्यात 10 मिलिग्रॅम घट हवी असेल, तर हिशेबाने 12.6 किलो चुना लागेल. हा चुना एका वेळी टाकू नये. पाण्यात कालवून, दोन-तीन हप्त्यांत, तळ्यभर पसरावा आणि प्रत्येक हप्त्यानंतर सामू पाहावा. तो 8 च्या जवळ आला की थांबावे. घाई घातक ठरते, कारण सामू एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो आणि कार्बन डायऑक्साइडने खाली ठेवलेल्या सामूमुळे दबून राहिलेला अमोनिया एकदम डोके वर काढतो. कळीचा चुना तर मासे असलेल्या तळ्यात टाकूच नये. चुनखडीची भुकटी संथपणे काम करते. आणीबाणीत तिचा उपयोग नाही, परंतु अल्कलिनिटी 50 च्या खाली असलेल्या तळ्यात हंगामापूर्वी टाकल्यास सामूचे चढउतार नक्कीच आवरतात. ढग विरून ऊन पडण्याची चिन्हे असतील तर चुना न टाकता वाट पाहावी, शेवाळ ते काम स्वतःच करील.

विंधन विहिरीचे पाणी थेट तळ्यात सोडणे टाळावे. भूगर्भातील पाण्यात पुष्कळदा प्राणवायू अत्यल्प आणि कार्बन डायऑक्साइड बराच असतो. ते दगडांच्या पायऱ्यांवरून किंवा छिद्रांच्या पत्र्यावरून खाली पडू द्यावे. तण मारायचे असेल तर या दिवसांत संपूर्ण तळ्यावर एकदम औषध न मारता थोड्या थोड्या भागात, पंधरवड्याच्या अंतराने करावे.

बीज वाहतुकीत हाच प्रश्न अधिक तीव्र असतो. प्राणवायू भरलेल्या पिशवीत तासन्तास राहिलेल्या बोटुकलीने (बोटाएवढ्या पिल्लांनी) सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया त्याच पाण्यात साठतात. पिशवी उघडून लगेच जोरात हवा दिली तर वायू झपाट्याने उडतो, सामू चढतो आणि अमोनिया बाधतो. म्हणून वाहतुकीपूर्वी बीज एक दिवस उपाशी ठेवावे, पोहोचल्यावर पिशवी बंदच ठेवून तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी आणि तापमान सारखे झाल्यावर उघडून, थोडे थोडे तळ्याचे पाणी मिसळत, लांबण न लावता बीज सोडावे.

तळ्याच्या काठावर कोंबड्यांची शेड असणाऱ्यांसाठी एवढे सांगणे आवश्यक आहे : पावसाचे झोत अडवण्यासाठी पडदे पूर्ण खाली सोडल्यास आत कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया दोन्ही साचतात. युरोपीय संघाच्या 2007 च्या नियमानुसार दाट संख्येने पाळलेल्या मांसल कोंबड्यांच्या डोक्याच्या उंचीवर कार्बन डायऑक्साइड 3000 पीपीएमपेक्षा (हवेच्या दहा लाख भागांत 3000 भाग) आणि अमोनिया 20 पीपीएमपेक्षा अधिक असता कामा नये. पडद्याचा वरचा भाग सदैव थोडा उघडा ठेवावा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खोल विहिरीत, टाक्यांत आणि मुरघासाच्या खड्ड्यांत तो तळाशी बसतो. अशा जागी हवा खेळवल्याशिवाय आणि वर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय कोणीही उतरू नये. आत कोणी कोसळलेला दिसला तरी त्याच्यामागे उडी घेऊ नये, आधी आत हवा सोडावी आणि मदत बोलवावी.