कोयत्याची जखम: लाली कधी राहू द्यायची, दवाखाना कधी गाठायचा

निपाणी-चिकोडी पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की माझ्याकडे ड्रेसिंगला येणारे वाढतात. कुणाच्या बोटाला कोयता, कुणाच्या तळव्यात धसकट. बऱ्याच जखमांत तंबाखूची भुकटी दाबलेली असते. "सिस्टर, लगेच रक्त थांबलं की!" असं तात्या ठामपणे सांगतात. रक्त थांबतं ते दाबल्यानं. स्वच्छ फडकं घट्ट धरून १० मिनिटं दाबा, मध्ये उचलून बघू नका. तंबाखूतून जंतू आत जातात आणि निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

मग धुवा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड चहाचा चमचा. धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका.

त्याच दिवशी जखमेच्या कडा लाल होतात, ठणकतात. घरचे घाबरतात, पण हा दाह कातडीनंच घडवून आणलेला असतो. वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशींत इंटरल्यूकिन-१ हे दाह पेटवणारं संदेशद्रव्य आधीच भरलेलं असतं, चिरताक्षणी ते बाहेर पडतं. प्लेटलेटमधून पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा हे वाढघटक, म्हणजे पेशींना कामाला लावणारी प्रथिनं, सुटतात आणि त्यांच्या मागावर पांढऱ्या पेशी येऊन जंतू खातात. पुढे हाच टीजीएफ-बीटा दाह शमवायला आणि नवं कोलॅजन घालायला लागतो. म्हणून पहिले तीन-चार दिवस कडेपुरती असलेली लाली राहू द्या. मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम तिथं अजिबात चोळू नका, भरून येणं लांबतं.

ईजीएफ नावाचा वाढघटक केराटिनोसाइटना वाढवतो आणि जखमेवर सरकायला लावतो. तो शोधणाऱ्या स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल मिळालं. दाह आटोक्यात ठेवण्यातही त्याचा हात असतो. कॅन्सरच्या काही औषधांनी ईजीएफचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्याचा संदेश घेणारी जागा, बंद पडतो, तेव्हा रुग्णाच्या चेहऱ्यावर, छातीवर पुटकुळ्या उठतात: कातडीच्या पेशी दाह वाढवणारे संदेश जास्त सोडतात आणि जंतूंशी लढणारी त्यांची स्वतःची प्रथिनं कमी पडतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण जखमेतल्या या पेशी जगवणं आपल्याच हातात असतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान होतं खरं, पण त्यात जंतूंबरोबर त्याही मरतात.

या पेशींना सरकायला ओल लागते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या कातडीवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगानं चढते. उघडी टाकून खपली वाळवण्यापेक्षा पातळ व्हॅसलिन लावून गॉज ठेवा. गॉज चिकटलं तर ओढू नका. त्यावर मिठाचं पाणी ओता, दोन-तीन मिनिटं थांबा, मग एका टोकापासून कातडीला समांतर, हळूहळू सोडवा. खाली ओली गुलाबी चकाकी दिसली तर तीच नवी कातडी. तिला पुसू नका.

शुगर असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात दाह शमतच नाही आणि जखमेतली एन्झाइम्स वाढघटकांनाच तोडून टाकतात. वाढघटकाचं जेल मिळतं, पण मेलेलं मांस काढल्याशिवाय आणि शुगर आटोक्यात आणल्याशिवाय ते लावणं म्हणजे पैसे वाया. पायाला जखम असेल तर त्यावर भार देऊ नका. काकी म्हणतात, "दुखत नाही, मग कशाला जायचं?" बधिर पायाची जखम दुखत नाहीच, म्हणून शुगर असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बाकीच्यांनीही लाली पसरत चालली, पू किंवा घाण वास आला, ताप भरला तर थांबू नये. दोन आठवड्यांत जखम आकसायला लागली नाही तरी जावं. जाताना शुगरचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जखमेवर आतापर्यंत लावलेलं मलम सोबत न्या. तंबाखू, राख, हळद जे काही लावलं असेल तेही डॉक्टरांना न लाजता सांगा.