पद्मिनी सुरू होत नाही? करंट कुठे अडतोय ते असं शोधा

सेल्फ (स्टार्टर) जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, की लगेच नवे प्लग आणि कॉइल (बॅटरीचा करंट ठिणगीइतका जोरदार करणारा भाग) आणायची घाई होते. प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत तरी तसं करू नका. या गाडीचं पॉइंटवालं इग्निशन (उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या दोन छोट्या टिकल्या, म्हणजे पॉइंट) इतकं साधं आहे की करंट कुठपर्यंत पोचतो ते घरीच कळतं.

आधी बॅटरीची टर्मिनल घासून घट्ट करा. मग गाडी न्यूट्रलला ठेवून डिस्ट्रिब्युटर कॅपच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या डब्याच्या झाकणाच्या) मधली, कॉइलकडून येणारी जाड वायर उपसा. रबरी मुठीच्या पकडीने तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून 5-6 मिमीवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल गळत असेल तर आधी ते थांबवा, मगच ही चाचणी करा. निळी, कडकडणारी ठिणगी पडली तर कॉइल आणि पॉइंट ठीक आहेत; दोष कॅप, रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा), वायरी किंवा प्लगमध्ये. पिवळी, मरतुकडी ठिणगी किंवा काहीच नाही, तर आधी पॉइंट बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं.

कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या बारीक वायरीच्या टर्मिनलला 12 व्होल्टचा छोटा बल्ब लावा, दुसरं टोक बॉडीला. सेल्फ मारताना बल्ब उघडझाप करायला हवा. सतत पेटला तर पॉइंट टेकत नाहीत किंवा काळे पडलेत. पेटलाच नाही तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा कॉइलपर्यंतच करंट येत नाही.

पॉइंट निरखून पाहा. एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा दिसला तर कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी शोषणाऱ्या छोट्या डबीवर) संशय घ्या. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि पूर्ण उघडलेले असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप साधारण 0.4 मिमी ठेवा. कॅमला (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्याला) ग्रीसचं बोट लावायला विसरू नका, नाहीतर पॉइंटची टाच झिजून गॅप पुन्हा मिटतो. काम चालू असताना चावी ऑन ठेवू नका, कॉइल तापते.

पावसाळ्यात कॅप आतून कोरडी पुसा आणि केसासारख्या काळ्या रेषा शोधा. दिसल्या तर कॅप बदलाच. वायरी काढण्याआधी खुणा करा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम) 1-3-4-2 आहे.

गाडी तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर गाडी बंद पडल्या जागीच ठिणगी तपासा. ठिणगी असेल तर पेट्रोलची वाफ धरतेय, म्हणजे नळीत वाफ होऊन पेट्रोल अडतंय. नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर.