अपघातग्रस्त गाडीचा सांगाडा सरळ करताना

ऊसतोडीच्या हंगामात गेवराई, माजलगावच्या पट्ट्यात मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर रात्री आदळलेली मोटार गॅरेजात येते, तेव्हा मालकाचे सारे लक्ष चुरगळलेल्या बॉनेटकडे असते. कारागिराने मात्र आधी गाडीखाली शिरावे. बॉनेट नवे मिळते, पण ज्या सांगाड्यावर ते बसवायचे तोच वाकलेला असेल तर नवे बॉनेटही एका बाजूला घासते आणि दुसऱ्या बाजूला बोटभर फट राहते.

विम्याचा दावा असल्यास सर्व्हेअरने (विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याने) पाहणी करेपर्यंत काहीही खोलू नये. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, धरली जाते, त्यामुळे हा अंदाज आधीच काढणे मालकाच्या हिताचे असते.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांची बॉडी शिडीच्या आकाराच्या चेसिसवर बसवलेली असते आणि धडकेत त्या शिडीचा एक दांडा मागे सरकून चौकट तिरकी होऊ शकते. बहुतेक लहान मोटारींना मात्र अशी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचे भाग स्पॉट वेल्डने जोडून तयार झालेली अख्खी बॉडीच भार पेलते, म्हणून पुढे बसलेला धक्का दूरवर पोहोचतो. छपराच्या कडेला बारीक सुरकुती पडली आहे का, दाराची फट वरखाली वेगळी दिसते का, जोडावरचे सीलर (फट बुजवणारा लेप) तडकले आहे का, हे दिवसाच्या उजेडात पाहावे.

त्यानंतर बॅटरीची तार काढावी आणि एअरबॅगच्या यंत्रणेतील वीज उतरण्यासाठी निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबूनच पुढचे काम करावे. संगणकावर चालणारी मापनयंत्रणा तालुक्याच्या गॅरेजात क्वचितच असते. तरीही सपाट फरशी, ओळंबा, खडू आणि पोलादी टेप एवढ्यावर प्राथमिक निदान चांगले होते. गाडी चार स्टँडवर समपातळीत घ्यावी, खालच्या ठरावीक बोल्ट व भोकांच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खुणा कराव्यात, गाडी बाजूला काढावी आणि खुणांमधील कर्ण मोजावेत. सुरुवात मधल्या भागापासून करावी, कारण ड्रायव्हरच्या पायाखालचा चौकोन शाबूत असेल तरच पुढचे माप कशाशी ताडायचे ते कळते. समजा, मधले दोन्ही कर्ण जुळले आणि पुढच्या दोन कर्णांत ११ मिलिमीटरचा फरक निघाला, तर पुढचे दांडे (लहान मोटारीत बॉडीचेच इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे लांब पोकळ भाग) एका बाजूला गेले आहेत असे समजावे. साधारणपणे ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. काही गाड्या मुळातच दोन्ही बाजूंना सारख्या नसतात, म्हणून शेवटचा शब्द निर्मात्याच्या मापतक्त्याचा मानावा.

ओढकाम, म्हणजे वाकलेला भाग ओढून सरळ करण्याचे काम, करताना दारांखालच्या कडेला चार ठिकाणी क्लॅम्प आवळून गाडी बेंचवर (गाडी घट्ट धरणाऱ्या पोलादी चौकटीवर) जखडावी. धक्का ज्या दिशेने आला त्याच्या उलट जॅक व साखळीने ओढावे आणि जो भाग शेवटी वाकला तो आधी सरळ करावा. थोडे ओढायचे, ताण धरून ठेवायचा, सुरकुतीभोवती लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोकायचे, साखळी सैल करायची आणि पुन्हा मोजायचे, असा हा क्रम आहे. पत्रा थोडा माघारी येतो, म्हणून मापापेक्षा किंचित जास्त ओढावे लागते. साखळीच्या रेषेत कोणीही उभे राहू नये आणि सुरक्षेची तार बांधल्याशिवाय जॅकला हात लावू नये. लिंबाच्या बुंध्याला गाडी बांधून ट्रॅक्टरने ओढण्याची पद्धत आपल्याकडे अजून पाहायला मिळते. तिने दांडा पुढे येतो हे खरे, पण जोर मोजता येत नाही आणि चांगली बाजूही सोबत ओढली जाते.

नुसता बाक आला असेल तर दांडा सरळ करावा. घडी पडली असेल तर तो बदलावा. घडी काढण्यासाठी गॅसची ज्योत लावण्याचा मोह आवरावा, कारण आजच्या गाड्यांमधील उच्च ताकदीचे पोलाद तापले की त्याची ताकद उतरते, आणि मधल्या पिलरमधील (पुढच्या व मागच्या दारांमधल्या खांबातील) बोरॉन पोलाद, म्हणजे अतिशय कडक पोलाद, तर सरळ करायचेच नसते. पुढच्या दांड्यावर मुद्दाम ठेवलेल्या खाचा धडकेत दांडा ठरल्याप्रमाणे चुरगळावा म्हणून असतात. जालन्याची भरभक्कम लोखंडी पट्टी आतून जोडून दिली की मालक खूश होतो, पण पुढच्या अपघातात तो धक्का दांड्यात न जिरता थेट केबिनमध्ये येतो.

नवा भाग आधी क्लॅम्पने धरावा, त्यावर फेंडर, बॉनेट आणि दिवे तात्पुरते बसवून फटी पाहाव्यात, मापे पुन्हा घ्यावीत आणि मगच निर्मात्याने सांगितलेल्या जागी स्पॉट किंवा मिग वेल्डिंग करावे. जोडाच्या आतल्या बाजूला आधी जस्ताचा प्रायमर आणि रंगानंतर पोकळीत मेण फवारावे, नाहीतर गंज आतून सुरू होतो आणि वरून काहीच दिसत नाही. चेसिस क्रमांक कोरलेला भाग कापू किंवा घासू नये. तोच भाग बाधित असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्यावी.

व्हील अलाइनमेंट सर्वांत शेवटी करावी. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) मापात बसत नसेल किंवा सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल आणि सस्पेन्शन व टायर ठीक असतील, तर गाडी पुन्हा बेंचवर घेऊन कर्ण मोजावेत.