पंपाच्या कोडची माहिती कॉमेंटमधूनच काढा

वरूड-मोर्शी भागात संत्र्याच्या बागांना मी पंपाचे कंट्रोलर बसवून देतो. आत ईएसपी३२ नावाची छोटी चिप, कोड आर्डुइनोचा. बिघाड आला की बागेत कधी मी जातो, कधी आयटीआय झालेलं पोरगं. त्याच्याजवळ आजच्या कोडची माहिती असलीच पाहिजे. वर्डमध्ये वेगळी फाईल ठेवली की कोड बदलतो अन् फाईल तशीच राहते. म्हणून डॉक्सीजेन वापरा. कोडमध्ये आपण माणसासाठी ज्या टिपा म्हणजे कॉमेंट लिहितो, त्यावरून हा प्रोग्राम माहितीची पानं तयार करतो. फुकट आहे, १९९७ पासून चालू आहे. पुढच्या कमांड अन् खुणा टाईप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.

कोडच्या फोल्डरमध्ये 'डॉक्सीजेन -जी' चालवा. डॉक्सीफाईल नावाची सेटिंगची फाईल तयार होते. .आयएनओ ही आर्डुइनोच्या कोडची फाईल डॉक्सीजेनला आपसूक ओळखू येत नाही, म्हणून डॉक्सीफाईलच्या फाईल_पॅटर्न्समध्ये *.आयएनओ आणि एक्स्टेन्शन_मॅपिंगमध्ये आयएनओ=सी++ लिहा. जनरेट_लेटेक्स बंद करा, आपल्याला ब्राउझरमध्ये उघडणारी एचटीएमएल पानं पुरे.

आता खरं काम कॉमेंटचं. साधी // कॉमेंट डॉक्सीजेन घेत नाही, /** ने सुरू झालेली घेतो:

/**
 * @ब्रीफ लाईन आल्यावर थोडं थांबून मोटर सुरू करतो.
 * @पॅराम सेकंद किती थांबायचं. डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या की व्होल्टेज पडतं, म्हणून शून्य ठेवू नका.
 * @रिटर्न मोटर सुरू झाली तर ट्रू.
 */

थांबतो हे कोडवरून कळतंच. का थांबतो, ते फक्त आपल्याला माहीत असतं. तेच लिहा, आणि मराठीतच लिहा. फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह असली की मराठी नीट उमटते.

आर्डुइनोत बहुतेक फंक्शन क्लासच्या बाहेर असतात. अशा फाईलच्या डोक्यावर @फाईल असलेली कॉमेंट नसेल, तर खाली कितीही लिहा, ती फंक्शनं पानावर येत नाहीत.

कॉमेंट नसलेलंही सगळं पानावर आणणारी एक्स्ट्रॅक्ट_ऑल ही सेटिंग 'येस' करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी 'नो'च ठेवतो. 'येस' केलं की पानं भरलेली दिसतात, पण कॉमेंट नसलेल्या फंक्शनची वॉर्निंग बंद पडते, आणि मला तर तीच वॉर्निंग हवी असते.

शेवटी नुसतं 'डॉक्सीजेन' चालवा. वॉर्निंग वाचा, राहिलेल्या कॉमेंट भरा, पुन्हा चालवा. तयार झालेलं एचटीएमएल फोल्डर पेनड्राईव्हवर टाकून पोराला द्या. बागेत रेंज नसली तरी लॅपटॉपवर उघडतं.