परदेशी नोटा घेण्याआधी: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी तयारीची यादी

व्हिसा हाती आला की बॅगा भरण्याआधी चलनाचे काम हाती घ्यावे, आणि जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून निघणाऱ्याने त्यासाठी पंधरा दिवस तरी राखून ठेवावेत. मुंबईत सकाळी मागितलेला युरो संध्याकाळी मिळतो. आपल्याकडे मात्र डॉलर सोडून दुसरे काही हवे असले, तर बहुतेक वेळा ते बाहेरून मागवावे लागते आणि मध्ये दोन सुट्ट्या आल्या की आठवडा सहज निघून जातो. ‘विमानतळावर बघू’ असे म्हणून रात्रीच्या गाडीत बसणारा माणूस बहुधा सगळ्यांत महाग भावाने नोटा घेतो, कारण तिथे त्याला परत फिरण्याची सोय नसते. अर्थात फार आधी घेण्यातही अर्थ नाही, कारण घेतलेले चलन साठ दिवसांत वापरले गेले नाही तर ते परत करावे लागते.

पासपोर्ट, पॅन कार्ड, व्हिसा आणि तिकीट यांच्या प्रती एका पाकिटात घालून ठेवाव्यात. बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडे तेवढ्यावर काम होते. परकीय चलन मागण्याचा ए-टू नावाचा अर्ज बहुतेक वेळा तेच भरून घेतात आणि आपण फक्त वाचून सही करायची असते. पन्नास हजार रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचे चलन रोख रुपये देऊन मिळत नाही. ते पैसे चेकने, कार्डाने किंवा खात्यातून द्यावे लागतात. शेतमालाचे रोख पैसे घेऊन थेट काउंटरवर जाणाऱ्याचा हेलपाटा इथेच होतो.

भाव विचारताना जळगावच्या सराफ बाजारातली सवय कामी येते. सोने घेण्याचा भाव वेगळा, मोडण्याचा वेगळा, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळते. चलनाचेही तसेच आहे, आणि मोबाइलवर दिसणारा दर या दोन्हींच्या मधला असतो, त्या दराने कोणीच देत नाही. म्हणून एकाच दिवशी, एकाच तासात दोन-तीन ठिकाणी फोन करून ‘सगळे धरून इतक्या युरोचे किती रुपये होतील?’ एवढाच प्रश्न विचारावा. युरोमागे दोन रुपयांचा फरक पडला तरी हजार युरोला दोन हजार रुपये जातात, आणि ‘कमिशन नाही’ अशी पाटी असलेल्या ठिकाणी ते कमिशन बहुधा भावातच मुरलेले असते. एक लाख रुपयांपर्यंतच्या चलनावर जीएसटी फारसा नसतो, लाखाला १८० रुपये आणि कमीत कमी ४५ रुपये; त्यासाठी विनापावतीचा व्यवहार करू नये. पावती नसेल तर उद्या नोट खोटी निघाली तरी बोलायला जागा राहत नाही.

किती न्यायचे, याला नियमाची चौकट आहे. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० अमेरिकी डॉलरच्या मोलाइतक्याच नोटा मिळतात. वरची रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डावर, घ्यावी लागते. माझ्या मते नोटा त्याहूनही बऱ्याच कमी असाव्यात, पहिल्या तीन-चार दिवसांच्या खर्चापुरत्या आणि अडीअडचणीला थोड्या. पशुपतिनाथाला निघालेल्यांसाठी हे सगळे प्रकरणच नाही, कारण नेपाळ आणि भूतानसाठी परकीय चलन दिले जात नाही. तिकडे शंभरच्या भारतीय नोटा सोबत असलेल्या बऱ्या.

नोटा हातात आल्यावर त्या काउंटरवरच एक-एक करून बघाव्यात. यात मी स्वतः फसलो आहे. बँकॉकला जाताना घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी जपून ठेवलेली शंभर डॉलरची नोट मला दिली होती; आपल्याकडे गड्डी मोजताना लिहितात तसा तिच्या कडेला निळ्या पेनाने आकडा लिहिलेला होता. काचेपलीकडच्या बाईंनी ती दिव्याखाली धरली, बोट त्या आकड्यावर ठेवले आणि काही न बोलता नोट परत सरकवली. तीन ठिकाणी हेच झाले. घडी, शाई, शिक्का किंवा टाचणीचे भोक असलेली नोट म्हणूनच बदलून मागावी. तिथल्या भावफलकावर शंभराच्या डॉलरला एक भाव आणि लहान नोटांना त्याहून कमी भाव लिहिलेला असतो, तेव्हा बदलण्यासाठी न्यायचे डॉलर मोठ्या नोटांचे घ्यावेत. युरोचे गणित उलटे आहे: ते थेट दुकानात द्यायचे असल्याने पाच, दहा आणि वीसच्या नोटा मागाव्यात. नातेवाइकांनी प्रेमाने दिलेले जुने पौंडही तपासावेत, कारण वीस आणि पन्नासच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर ब्रिटनमधल्या दुकानांत चालत नाहीत.

मुंबईपर्यंत रात्रीचा प्रवास असतो, म्हणून सगळी रक्कम एका पिशवीत ठेवू नये. निम्मी अंगावर, उरलेली जोडीदाराकडे, आणि बर्थखाली ढकलायच्या बॅगेत काहीच नाही. परतीच्या टॅक्सीसाठी दोन-तीन हजार भारतीय रुपये वेगळे ठेवावेत. २५,००० रुपयांपर्यंत ते सोबत नेता येतात, मात्र पाकिस्तान आणि बांगलादेशसाठी नाही.

तिथे पोचल्यावर एटीएम किंवा दुकानातले यंत्र ‘रुपयांत घेऊ का?’ असे विचारते. नाही म्हणावे आणि तिथलेच चलन निवडावे, कारण रुपयांचा तो भाव यंत्रवाल्याच्या सोयीचा असतो. जर्मनीसारख्या देशात एक युरोची नाणी खिशात हवीतच. ती नसली तर सुपरमार्केटची ढकलगाडी साखळीतून सुटत नाही आणि स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाचे दारही उघडत नाही.

उरलेली नाणी मात्र तिथेच संपवावीत, कारण ती इकडे सहसा कोणी बदलून घेत नाही. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवता येतात. त्याहून जास्त उरल्यास परतल्यापासून १८० दिवसांच्या आत त्या बदलून घ्याव्यात आणि जाताना मिळालेली पावती त्या वेळी सोबत न्यावी.