बिऱ्हाड पाठीवर घेतलेल्या आउटफिल्डरचं करिअर कसं वाचायचं

गोल्फ क्लबवर सकाळचं खेळून झालं की आमच्यातला एकजण मोबाईलवर बेसबॉलच्या एखाद्या आउटफिल्डरचे (मैदानाच्या मागच्या भागातला फिल्डर) आकडे काढून बसतो आणि दरवेळी तेच विचारतो, अरे याच्या नावापुढे इतक्या टीम आहेत, हा भारी होता की फालतू? म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

होमरन (बॉल थेट कुंपणापार, आपला सिक्सरच म्हणा) नंतर बघा, आधी टीमचा रकाना बघा. मॅट स्टेअर्सचं पान काढा, कॅनडाचा डावखुरा बॅटर. 1992 ला माँट्रियल एक्स्पोज, 2011 ला वॉशिंग्टन नॅशनल्स, मधे 1993 ला जपानात चुनिची ड्रॅगन्सकडे पण जाऊन आला. अमेरिकेतल्या जर्स्या मोजल्या तर 13 होतात, पण एक्स्पोजच पुढे वॉशिंग्टनला गेली म्हणून फ्रँचायझी 12च धरतात. विंचवाचं बिऱ्हाड म्हणतात ना, तसं.

मग पोझिशन. सेंटर फिल्डला सगळ्यात जास्त पळावं लागतं, वय झालं की माणूस कडेला सरकतो, लेफ्ट नाहीतर राइट, मग फर्स्ट बेस, शेवटी नुसती बॅटिंग. पिंच हिटर म्हणजे एका बॅटिंगपुरता उठवलेला माणूस, दोन तास बाकावर बसून थेट जोरात फेकणाऱ्या पिचरसमोर (मला तर दोन ओव्हर बसलो तरी अंग आखडतं). यात स्टेअर्सचे 23 होमरन आहेत, तो रेकॉर्ड आहे, एकूण होमरन 265.

डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट) दिसलं तर घाबरू नका, टीमच्या 40 जणांच्या यादीतून नाव काढलंय, आता 7 दिवसांत टीमने ट्रेड करायचं, वेव्हरवर टाकायचं (म्हणजे बाकीच्या टीमना उचलायची संधी द्यायची) नाहीतर सोडून द्यायचं. बदलीची ऑर्डरच म्हणा.

पण खरी गंमत बदलीच्या तारखांत आहे आणि तिकडे कोणी बघतच नाही. 31 ऑगस्टनंतर टीममध्ये आलेल्याला प्लेऑफ (सीझनअखेरचे बाद फेरीचे सामने) खेळता येत नाही. स्टेअर्सचं 2006 चं साल बघा, एकाच वर्षाच्या तीन ओळी दिसतील, कॅन्सस सिटी, टेक्सस, डेट्रॉइट. डेट्रॉइटला पोचला तो सप्टेंबरमध्ये, टीम वर्ल्ड सिरीजला (म्हणजे फायनलला) गेली आणि हा बाहेर. आता 2008 काढा, फिलाडेल्फियाने त्याला घेतलं 30 ऑगस्टला. एक दिवस शिल्लक! मग 13 ऑक्टोबरला प्लेऑफमध्ये, लॉस एंजेलिसला, आठव्या इनिंगला, पिंच हिटर म्हणून आला आणि समोरच्या टीमचा पिचर ब्रॉक्सटन, त्याचा बॉल राइट फिल्डच्या स्टँडमध्ये खोलवर भिरकावला, मॅच 7-5 ने खिशात. पुढे फिलाडेल्फिया वर्ल्ड सिरीज पण जिंकली.

लाइव्ह बघायचं असेल तर उन्हाळ्यात न्यूयॉर्कची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला लागते, इअरफोन लावा, नाहीतर आई उठते आणि तुम्हालाच दूध आणायला पिटाळते.