स्नॉर्कलिंगची तयारी नाशकातच करा

आपल्याकडची माणसं सेल्युलर जेल पाहायला अंदमानला जातात. भगूरच्या सावरकरांची कोठडी पाहून डोळे पुसतात, आणि परतीच्या आदल्या दिवशी घाईघाईत अर्धा तास स्नॉर्कलिंगला, म्हणजे मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत, तरंगत पाण्याखालचं पाहायला, समुद्रात उतरतात. त्या अर्ध्या तासाचा एक पूर्ण दिवस करा, आणि त्याची तयारी इथूनच करून जा. समुद्रात गेल्यावर शिकू म्हटलं की काय होतं, ते मी अनुभवलंय.

त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावात किंवा जवळच्या कुठल्याही तलावात, परवानगी विचारून, उथळ बाजूला चार-पाच दिवस सराव करा. पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. गोदावरीत पट्टीचा पोहणारा माझा भाऊ नळी तोंडात धरल्यावर पहिल्या मिनिटाला गुदमरला. नाक मास्कमध्ये बंद असतं आणि शरीर नाकानेच श्वास मागतं, म्हणून घाबरायला होतं. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असा लांब श्वास तोंडाने घ्या. भराभर घेतलेल्या उथळ श्वासात नळीतलीच वापरलेली हवा आत-बाहेर होते आणि दम लागतो. नळीत पाणी आलं तर मान वर न काढता जोरात फूंकर मारा. मास्कमध्ये आलं तर वरची कड कपाळाशी दाबून धरा, मान किंचित वर करा आणि नाकातून श्वास सोडा. पाणी खालून निघून जातं. हे हाताला आपसूक जमेपर्यंत करा.

मास्क शक्यतो स्वतःचा न्या. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. केसांची एक बट आत राहिली तरी पाणी शिरतं. मिशीचंही तेच, आमच्या ह्यांनी नाकाखालची मिशी बारीक केली. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो. मला उणे चार आहे, तो नसता तर मला नुसते रंगीत ठिपके दिसले असते. नव्या काचेवर आतून पातळ थर असतो. तो टूथपेस्टने चोळून काढा, नाहीतर सारखी वाफ धरते.

नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये जा. आम्ही हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, जेट्टीवरून सकाळच्या बोटीने एलिफंट बीचला गेलो. सकाळी गर्दी कमी असते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि पायभर लेगिंग्ज घाला. पाण्यात ऊन कळत नाही आणि पोटऱ्या रात्री भाजून निघतात. शिवाय उन्हासाठीचं क्रीम कमी लागतं, तेवढंच प्रवाळांना बरं. लाईफ जॅकेट काढू नका, जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नका, गाईडच्या पुढे जाऊ नका.

आणि पाय खाली टेकू नका. माझ्या पहिल्या खेपेला मास्कमध्ये पाणी आलं, मी घाबरले आणि उभी राहिले. पायाखाली हरणाच्या शिंगासारखं फांदीदार प्रवाळ होतं. त्याची एक फांदी कट्कन मोडलेली मला तळव्याला जाणवली. तो दगड नव्हता, हजारो बारीक जिवांची वसाहत होती. गोल, जड प्रवाळं तर वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. गुडघा खरचटला होता तो तीन आठवड्यांनी भरला. ती फांदी अजून मनातून जात नाही. म्हणून तलावातल्या सरावाचा एवढा आग्रह.

मासे पाहायचे तर त्यांच्यामागे जायचं नाही. हात पोटाशी घ्या, पाय सैल सोडा, एका जागी तरंगत राहा. दोन मिनिटांत मासे आपली कामं पुन्हा सुरू करतात. मला आधी ऐकू आलं ते कुरकुर असं कुरतडणं. मग हिरवा-निळा पोपटमासा दिसला, चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा दगड खरवडणारा. थोड्या वेळाने त्याच्या मागून पांढऱ्या वाळूचा फवारा सुटला. ज्या वाळूवर आपण चालतो त्यातली बरीचशी अशी तयार होते, हे डोळ्यांनी पाहिलं. समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) बोटांत केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश होते. त्यांच्यातली सर्वांत मोठी ती मादी. ती मेली तर तिचा नरच मादी होतो. ती जवळ येऊन माझ्या काचेकडे पाहत राहिली, तेव्हा मी आणखी अर्धा फूट मागे सरकले. घर तिचं होतं.

मोठा ट्रिगरफिश अंगावर यायला लागला तर सरळ वर येऊ नका, आडवे दूर व्हा. घरट्यावरच्या पाण्याचा उभा पट्टा तो आपला मानतो. पंखासारखे काटे पसरलेला लायनफिश दिसला तर लांबूनच बघा, काटे विषारी असतात.

थंडी वाजायला लागली की बाहेर या. किनाऱ्यावरून शंख किंवा प्रवाळाचा तुकडा उचलू नका. प्रवाळ १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. घरी आल्यावर मास्क गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा, उन्हात सिलिकॉन पिवळं पडतं.